अडीच इंची काडतुसे

मी, कानिफनाथ पुंजाराम गागरे, वय पंचाहत्तर, धंदा आधी शेती, नंतर पहारेकरी, आता काही नाही, राहणार देवळाली प्रवरा, तालुका राहुरी, जिल्हा अहिल्यानगर, हा कागद आज स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टर धवल खिस्ती यांनी काल दिला, तो सोबत जोडला आहे. गुडघ्यांविषयी आणि कानांविषयी त्यांनी काही लिहिले नाही, म्हणून मीही लिहीत नाही. मला कोणी धमकावलेले नाही की भरीस घातलेले नाही. एका माणसाने ‘लिहून द्या’ असे एकदाच म्हटले होते, त्यालाही दहा महिने होऊन गेले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

वकीलसाहेबांनी छापील नमुना दिला आणि बजावले, “काका, कोणाला काय द्यायचं तेवढंच लिहा. हकिगत लिहायची नसते.” नमुना समोर ठेवूनच लिहीत आहे. पण बंदुकीच्या कलमाशी आलो की हकिगतीवाचून पुढे जाता येत नाही. तीन कागद फाडले. हा चौथा.

कलम १. वारस. माझी पत्नी मनकर्णा गेल्या वर्षी भाद्रपदात वारली. मागे दोन अपत्ये आहेत. मुलगा राधाकृष्ण चाकणला कंपनीत आहे. मुलगी पूजा राजूरला दिली आहे, जावयांचे तिथे बी-बियाण्यांचे दुकान आहे. राधाकृष्ण रविवारी फोन करतो. पूजा केव्हाही करते.

कलम २. शेत. मौजे देवळाली प्रवरा येथील माझ्या नावची जमीन, क्षेत्र एक एकर चौदा गुंठे, पाटाच्या पाण्याखालची, विहिरीतील हिश्शासह, दोघांना निम्मी निम्मी. बहिणीने हक्कसोड करून द्यावे असे राधाकृष्णच्या मनात आहे. तसे तो बोललेला नाही, पण तलाठ्याचा फोन नंबर त्याने माझ्याकडून दोनदा घेतला. पूजा, भावाच्या मायेने कुठेही सही करू नकोस. माया वेगळी, सही वेगळी. उत्तरेच्या बांधाचा वाद मी सोडून दिला आहे. शेजाऱ्याने दर नांगरटीला वीतभर बांध खाल्ला आणि मी दर वेळी दोन शब्द बोललो. आता कंटाळा आला. वारसांना हौस असेल तर त्यांनी मोजणी आणावी.

कलम ३. घर. तीन खोल्या, पुढे पडवी, मागे न्हाणी. हे दोघांचे. विकायचे ठरले तर आधी एकमेकांना विचारावे. मनकर्णाचे दागिने म्हणजे एक बोरमाळ आणि कानातली. ती पूजाची. तिची लुगडी मी कपाटात तशीच ठेवली आहेत, त्यांचे काय करायचे ते मला ठरवता आले नाही. तेही पूजानेच ठरवावे.

कलम ४. बंदूक. माझ्या नावे शस्त्र परवान्यावर एक बारा बोअरची विलायती दुनळी आहे, घोडे बाहेरून असलेली. माझे वडील पुंजाराम यांनी ती एकोणीसशे अठ्ठावन्न साली, रानडुकरांपासून पीक राखण्याच्या परवान्यावर, नगरच्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याकडून घेतली. हे लिहीत असताना ती निवडणुकीच्या आचारसंहितेमुळे पोलीस ठाण्यात जमा आहे, पावती देवघराच्या फळीवर आहे. माझी आज्ञा अशी, की ती तिथून परत आणू नये. कायमची जमा करण्याचा अर्ज मी सही करून पावतीला टाचला आहे. राधाकृष्णला ती निकामी करून चाकणच्या घरी भिंतीवर लावायची आहे, म्हणजे आल्या-गेल्याला तिची गोष्ट सांगता येईल. राधाकृष्ण, ती गोष्ट खोटी आहे. पुढच्या कलमात वाच, शक्यतो एकटा असताना वाच.

तरीही माझ्यानंतर कोणी परवाना काढून ही बंदूक ठेवायचे ठरवलेच, तर तिच्यात कोणते काडतूस चालते हे लिहून ठेवणे माझे काम आहे, कारण जिवंत माणसांत ते आता मलाच ठाऊक आहे.

हिच्या नळ्या आजच्यासारख्या सरसकट पोलादाच्या नाहीत. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून त्या केल्या आहेत. उजेडात धरल्या की त्यांवर सापाच्या कातीसारखी नक्षी दिसते. वडिलांना त्या नक्षीचा फार अभिमान होता. नक्षी म्हणजे सांधे आहेत, हे मला नगरच्या रंगनाथ मिस्त्रींनी सांगितले. ते बंदुकांच्या दुकानात दुरुस्तीला असत. नळीच्या बुडाशी, जिथे काडतूस बसते, त्या भागाला ते ‘घर’ म्हणत. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी माझ्या बंदुकीत दुकानातले नवे काडतूस घातले.

“ह्ये पावणेतीन इंची. घरात बसलं का?”

“बसलं की,” मी म्हणालो.

“बसलं ना? बसतं म्हनूनच मानसं मरत्यात.”

मग त्यांनी पितळेच्या मापाने घर मोजून दाखवले. ते अडीच इंचीच होते. काडतुसाची लांबी बार उडाल्यानंतरची मोजतात. भरलेल्या काडतुसाचे तोंड दुमडलेले असते, म्हणून लांब काडतूसही आखूड घरात गुपचूप बसते. बार उडाला की ती घडी उलगडते, तिला पुढे जागा नसते, छर्ऱ्यांची वाट आवळते आणि सगळा दाब बुडाशी येतो. त्यात आजची दारू जोरकस, आणि या नळ्या जुन्या काळ्या दारूच्या हिशेबाने पारखलेल्या. तेव्हा हिच्यात अडीच इंची, हलक्या भाराचे, काळ्या दारूचेच काडतूस चालते, तेही जाणत्या मिस्त्रीने नळ्या आतून पाहिल्यावर. मोठी गोळी कधीही घालू नये. आत बसते आहे, या एका गोष्टीवर विश्वास ठेवू नये. वडिलांच्या वेळची कागदी काडतुसे मिळेनाशी झाली, तेव्हापासून मी नोकरी धरीपर्यंत ही बंदूक आमच्या घरात गज फिरवून, तेल लावून खुंटीला होती.

कलम ५. हकिगत. एकोणीसशे शहाऐंशी साली ऊस वाळला आणि मी नोकरी धरली. राहुरीत एका पतसंस्थेची शाखा होती. संस्था आता राहिली नाही, तिचे नाव लिहीत नाही. स्वतःची बंदूक आणि परवाना असलेला पहारेकरी त्यांना हवा होता. दारात लाकडी खुर्ची मिळाली, खाकी सदरा मिळाला आणि संस्थेने आणलेली पाच काडतुसे मिळाली. ती पावणेतीन इंची होती.

शेवटची पाच वर्षे तिथे सुनील दत्तात्रय निमसे हे शाखाधिकारी होते. वय तिशीच्या आतले, शिकलेले, कामाला चोख. मी त्यांना तीन वेळा लेखी अर्ज दिला, की ही काडतुसे माझ्या बंदुकीत चालत नाहीत, बार काढला तर नळी फुटेल. पहिल्या अर्जाला ते हसले.

“काका, आजोबांच्या काळातली काडतुसं मी कुठून आणू? आणि बार काढायची वेळ येणार आहे का इथं?”

दुसऱ्या आणि तिसऱ्या अर्जावर त्यांनी ‘पाहू’ असे लिहून सही केली आणि ते फाइलला लावले. त्यांचा राग यायचा. म्हणजे मी सतरा वर्षे न उडवता येणारी बंदूक मांडीवर घेऊन त्या दारात बसलो. लोक मला वचकून असत. पोरे लांबून बघत. मनकर्णाला मी सांगितले होते, तर ती म्हणाली, “मग नुसती काठी घिऊन बसा की. वजन तरी कमी.”

दोन हजार तीनच्या दिवाळीत रंगनाथ मिस्त्रींचा निरोप आला. कोणा जुन्या शिकाऱ्याच्या घरातून अडीच इंची, काळ्या दारूच्या काडतुसांची एक पेटी त्यांच्याकडे आली होती. त्यांनी मला त्यातली दहा दिली, वहीत न चढवता. हा गुन्हा होता. मिस्त्री वारले आहेत, माझा भाग मी कबूल करतो. एका जुन्या खाणीत ट्रकच्या टायरला बंदूक बांधून, दगडाआड बसून, दोरीने चाप ओढून त्यांनी दोन बार काढले, एकेका नळीतून एक. पांढरा धूर झाला. मिस्त्रींनी नळ्या पुसल्या, आतून पाहिल्या, बोट फिरवले.

“गागरे, म्हातारी ठणठणीत हाय. आता बिनघोर बसा.”

दुसऱ्या दिवसापासून माझ्या बंदुकीत ती दोन काडतुसे असत. संस्थेची पाच पट्ट्यात असत. निमसेसाहेबांना मी सांगितले नाही. सांगितले असते तर कुठून आणली हे सांगावे लागले असते.

शुक्रवार, बारा डिसेंबर दोन हजार तीन. दुपारचे सव्वातीन. शाखेत रोखपाल दमयंतीबाई मुळे आणि मी असे दोघेच होतो. निमसेसाहेब मुख्य कचेरीत गेले होते. तोंडे बांधलेले दोघे आत आले. एकाच्या हातात कोयता होता. बंदूक माझ्या हातात होती, मी उभा होतो, तो माझ्यापासून आठ फुटांवर होता. त्याने माझ्याकडे पाहिले. ओरडला नाही. घरातला कोणी बोलावा तसे बोलला.

“बाबा, खाली बसा. तुमचं काय काम न्हाई.”

आणि मी बसलो.

बावीस वर्षे या वाक्याशी येऊन मी थांबत आलो. आज लिहिले. नळी फुटेल असे मनात आले नाही, कारण फुटणार नाही हे मला पक्के ठाऊक होते. छर्रे पसरून बाईंना लागतील असेही मनात आले नाही. ते मी नंतर मनाला शिकवले. तेव्हा मनात काहीच नव्हते. खुर्ची मागे होती, बसलो. निदान नळी वर करायची होती. त्याला काडतूस लागत नाही.

दमयंतीबाईंनी किल्ली टाकायला उशीर केला. त्याने कोयत्याची मूठ त्यांच्या तोंडावर मारली. डावा डोळा गेला. दोघे गेले ते आजवर सापडले नाहीत.

शेजारचा दुकानदार बाईंना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला. पोलीस यायला वेळ होता. त्या वेळात मी बंदूक बिजागरीत मोडून उघडली, अडीच इंची दोन काडतुसे काढली आणि संस्थेची दोन पावणेतीन इंची भरली. काढलेली दोन जेवणाच्या डब्यात, उरलेल्या अर्ध्या भाकरीखाली ठेवली. हात कापत नव्हता. त्याची मला आजही लाज वाटते.

पंचनाम्यात पावणेतीन इंचीची नोंद झाली. मी जबाब दिला, की काडतूस चुकीचे होते, बार काढला असता तर नळी फुटून मी आणि बाई दोघेही मेलो असतो. फाइलमधून माझे तीन अर्ज निघाले, त्यांतल्या दोहोंवर ‘पाहू’ आणि खाली सही. पेपरात आले. पुण्याच्या एका जाणकाराने माझे म्हणणे शास्त्राला धरून आहे असा अभिप्राय दिला. ते होतेच. निमसेसाहेबांना महिन्याच्या आत काढून टाकले. त्यांचे ठरलेले लग्न मोडले. मला सव्वीस जानेवारीला शाल, नारळ आणि प्रसंगावधानाचे सन्मानपत्र दिले. गावातले जे पहिल्या आठवड्यात मला भित्रा म्हणाले होते, तेच टाळ्या वाजवायला आले. पूजाचे लग्न त्या वैशाखात धरले होते. मी मनाशी म्हटले, तिचे लग्न होऊन जाऊ दे, मग सांगू. लग्न झाले.

त्याच पावसाळ्यात निमसेसाहेब घरी आले. चप्पल बाहेर काढली, आत आले आणि खाली वाकून माझ्या पायांना हात लावला.

“काका, तुम्ही तीनदा लिहून दिलं होतं. माझ्यामुळं बाईंचा डोळा गेला.”

मी म्हणालो, “जाऊ द्या.”

मनकर्णा चहा घेऊन आली होती. ती कप हातात धरून दारातच थांबली. चहा सांडेल म्हणून मी तिच्याकडे पाहिले, तर ती माझ्याकडे पाहत होती. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. डबा तीच घासायची. त्या संध्याकाळी तिने भाकरीखालची काडतुसे धुतलेल्या वाटीत घालून माझ्यापुढे ठेवली होती आणि “ह्ये तुमचं” एवढेच म्हणाली होती.

कलम ६. सुनील निमसे यांच्यासंबंधी. ते पुढे विद्यापीठाच्या रस्त्याला झेरॉक्सचे दुकान घालून बसले. उशिरा लग्न केले. मनकर्णा दर संक्रांतीला एसटीने राहुरीला जाऊन त्यांच्या आईला तिळगूळ देऊन यायची. वीस वर्षे गेली. कशाला जातेस असे मी विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. आमच्यात ते एकच बोलणे कधी झाले नाही, बाकी सगळी झाली.

ती गेल्यावर या वर्षीची संक्रांत आली. घरात तिळगूळ करणारे कोणी नव्हते. मी दुकानातून पाव किलो घेतला आणि राहुरीच्या बसमध्ये बसलो. निमसेसाहेबांच्या आईही दोन महिन्यांपूर्वीच वारल्याचे तिथे गेल्यावर कळले. दुकानात गिऱ्हाईक नव्हते. मशीनवर कोणाच्या तरी शेताचे उतारे निघत होते. त्यांनी मला स्टूल दिले. मी त्यावर बसून सगळे सांगितले, वर लिहिले आहे तेवढेच.

त्यांनी मशीन बंद केले नाही. पाने निघून संपली तेव्हा बोलले.

“दमयंतीबाई समोरून आल्या की मी रस्ता बदलतो, काका. एकवीस वर्षं. एकदा मुलीला दवाखान्यात नेत होतो, तरी बदलला.”

त्यांनी पाने गोळा करून ठोकून सारखी केली.

“आई शेवटी म्हणाली, सुनील, तुझ्या हातून झालं ते देव पदरात घेईल. माझ्या हातून झालं, असं समजून गेली ती.”

“मी काय करू सांगा,” मी म्हणालो.

“तोंडी नको. लिहून द्या.”

तिळगुळाचा पुडा त्यांनी परत दिला नाही आणि उघडलाही नाही. मी दहा महिने लावले. आधी गुडघे, मग पाऊस, मग वकील, अशी कारणे काढली. म्हणून आता लिहून देतो:

बारा डिसेंबर दोन हजार तीन रोजी माझ्या बंदुकीत तिला चालणारी, तपासलेली काडतुसे भरलेली होती. मी बार काढला नाही आणि नळीही उचलली नाही, याचे कारण भीती, दुसरे कोणतेही नाही. तत्कालीन शाखाधिकारी सुनील दत्तात्रय निमसे यांच्या हयगयीचा त्या दिवशीच्या घटनेशी काहीही संबंध नव्हता. माझे अर्ज खरे होते, माझा जबाब खोटा होता.

हा मजकूर माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. हा कागद नोंदवला त्याच दिवशी या कलमाची आणि कलम ५ ची नक्कल निमसेसाहेबांना हातात द्यायची, एक पोलीस ठाण्यात द्यायची, एक दमयंतीबाई मुळे यांना पाठवायची. बाईंना ती पोस्टाने जाईल. त्यांच्यासमोर जाऊन उभे राहणे अजून मला जमलेले नाही. जमेल असे लिहून ठेवत नाही. उरलेली आठ काडतुसे मी गेल्या सोमवारी पोलीस ठाण्यात नेऊन दिली. कुठून आली असे विचारले, सांगितले. पुढे बोलावतील तेव्हा जाईन.

कलम ७. किरकोळ. सन्मानपत्र पडवीतून काढले आहे, भिंतीवर चौकोन उमटला आहे, वारसांनी रंग देताना बघावे. शाल पूजा राजूरला घेऊन गेली होती, ती तिने थंडीत वापरावी, त्यात शालीचा काही दोष नाही. माझ्या दहाव्याला कोणी भाषण करू नये. करायचेच असेल तर कलम ५ वाचावे. राधाकृष्ण, तू शाळेत असताना माझ्यासाठी दोन पोरांशी मारामारी केली होतीस, ते मला ठाऊक आहे. तेव्हा तुला थांबवायला हवे होते.

कलम ८. अंमलबजावणी. या मृत्युपत्राप्रमाणे सर्व तजवीज पूजाने करावी. कागद वाचून ती रागावेल, आठ दिवस बोलणार नाही, आणि मग सगळे नीट करील. तिच्या आईचीही हीच रीत होती.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, दमलो, आणि खाली सही केली.

सही: कानिफनाथ पुंजाराम गागरे
ठिकाण: राहुरी
तारीख: २४ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार. आम्हां दोघांसमोर लिहून ठेवणाऱ्याने सही केली व त्याच्यासमोर आम्ही सह्या केल्या. या मृत्युपत्रान्वये आम्हांस काहीही मिळणार नाही.

१) डॉक्टर धवल नृसिंह खिस्ती, धंदा वैद्यकीय, राहणार देवळाली प्रवरा. सही.

२) सुनील दत्तात्रय निमसे, धंदा (खाडाखोड, टीप पाहावी), राहणार राहुरी. सही.

टीप, माझ्या हातची: दुसरे साक्षीदार बोलावल्यावर आले. कलम ६ त्यांनी उभ्याने दोनदा वाचले. “सही करतो. माफीचं मात्र विचारू नका,” असे म्हणाले. मी विचारले नाही. त्यांच्या नावापुढे धंदा म्हणून मी ‘झेरॉक्सचे दुकान’ असे लिहिले होते. ते त्यांनी एका रेघेने खोडून स्वतःच्या अक्षरात ‘शाखाधिकारी’ असे लिहिले. ही खाडाखोड माझ्यासमोर झाली व ती मला मान्य आहे.

सही: का. पुं. गागरे